लोगोची जागा : कारखानदार आणि डिझायनर

कंपनीच्या वेबसाइटवर लोगो वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवतात. तो प्रत्येक पानावर त्याच जागी असतो आणि त्यावर क्लिक केले की पाहणारा होमपेजवर परत येतो. असा काही नियम कोणी केलेला नाही. ही रुळलेली वाट आहे. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याची नजर पान उघडताच त्या कोपऱ्याकडे जाते, आणि आता इतक्या वेबसाइट तशाच असतात की लोक नाव तिथेच शोधतात. नील्सन नॉर्मन ग्रुप या अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या चाचण्यांत लोगो डावीकडे असला तर तो उजवीकडच्या लोगोपेक्षा लक्षात राहण्याची शक्यता ८९ टक्क्यांनी जास्त निघाली. लोगो मधोमध ठेवला तर होमपेजवर परतणे सुमारे सहा पट अवघड जाते, असेही त्याच संस्थेने नोंदवले.

एवढ्यावर विषय मिटायला हरकत नव्हती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तो मिटत नाही, कारण इथल्या अनेक कारखान्यांचा माल दुसऱ्याच्या नावाने बाजारात जातो. उल्हासनगरात शिवलेल्या जीन्सवर पट्टी दुसऱ्याची लागते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रसायनाच्या पिंपावर कारखान्याचे नाव असले तरी ते रसायन ज्या औषधात जाते त्याच्या वेष्टनावर ते नसते. अशा कारखान्याची वेबसाइट करताना लोगोच्या आकारावरून जो वाद होतो, त्यात एका बाजूला कारखानदार असतो आणि दुसऱ्या बाजूला डिझायनर. दोन्ही बाजू खाली संवादरूपाने मांडल्या आहेत. बोलणारे प्रातिनिधिक आहेत.

कारखानदार : वेबसाइट उघडली की पहिलं आमचं नाव दिसलं पाहिजे. हे नखाएवढं काय केलंय?

डिझायनर : साहेब, समोरचा माणूस तुमचं नाव टाकूनच किंवा तुमचा माल शोधूनच आत आलाय. त्याला नाव कळलंय. आता त्याला काय बनवता ते बघायचंय.

कारखानदार : दुकानावर पाटी मोठीच लावतात ना? आत आलेल्या गिऱ्हाइकासाठी कोणी ती छोटी करत नाही.

डिझायनर : पाटी रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असते. वेबसाइटवरून कोणी सहज जात नाही.

पाटीची तुलना कारखानदाराच्या तोंडी सहज येते, आणि ती पोकळ नाही. उल्हासनगरच्या गजानन मार्केट किंवा जपानी बाजारात दुकानाला दुकान खेटून आहे. तिथे चालत्या माणसाला थांबवण्याचे काम पाटीलाच करावे लागते. तिच्यासाठी कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून दुकान लहान असो वा मोठे, पाटीवर देवनागरी लिपीतील मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. वेबसाइटला हा नियम लागू नाही. तिला लागू असलेला नियम फारच थोड्या कारखानदारांना ठाऊक असतो, आणि त्यात लोगोचा उल्लेखसुद्धा नाही. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांतील २६ वा नियम सांगतो की ज्या कंपनीची वेबसाइट आहे तिने होमपेजवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, कंपनी ओळख क्रमांक म्हणजे सीआयएन, दूरध्वनी, ईमेल आणि चौकशी वा तक्रारीसाठी भेटायच्या व्यक्तीचे नाव द्यावे. चिन्ह कसले असावे, कुठे असावे, याची कायद्याला फिकीर नाही. जबाबदार कोण, एवढेच त्याला हवे.

हा नियम फक्त कंपन्यांना आहे. या पट्ट्यातल्या कितीतरी युनिटांचा कारभार मालकी किंवा भागीदारीत चालतो; त्यांच्यावर ही सक्ती नाही. पण खरेदी करणाऱ्याची गरज तीच राहते. नवा पुरवठादार शोधणारा खरेदी अधिकारी वेबसाइटवर जीएसटी क्रमांक मिळाला की तो सरकारी पोर्टलवर टाकून पाहतो. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि पोर्टलवर कायदेशीर नाव व व्यापारी नाव दोन्ही दिसतात. लोगोत एक नाव, पोर्टलवर दुसरे आणि बिलावर तिसरे, असे निघाले की लोगो कितीही देखणा असला तरी शंका येते. निदान हा एक मुद्दा असा आहे की त्यावर दोन्ही बाजूंचे जमायला हवे, पण प्रत्यक्षात वेबसाइट करताना तो बहुधा कोणी काढतच नाही.

कारखानदार : माझा मुद्दा तुमच्या लक्षात येत नाही. आम्ही वर्षानुवर्षं जॉबवर्क करतोय. कापड त्यांचं, पट्टी त्यांची, बॉक्स त्यांचा. आमचं नाव कुठेच नाही. निदान आमच्या वेबसाइटवर तरी मोठं असू दे.

यावर डिझायनर लगेच काही बोलत नाही. कारखानदाराच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि आकाराच्या हट्टामागचे खरे कारणही हेच असते.

उल्हासनगरची वसाहत दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण ट्रान्झिट कॅम्पच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी उभी राहिली; ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिची कोनशिला बसवली. बराकींत सुरू झालेले घरगुती धंदे पुढे बाजारपेठा झाल्या, आणि कॅम्प नंबर ५ च्या बाजूला जीन्सच्या शिलाईने मूळ धरले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा मुंबईत जुनी आहे. थट्टा करणाऱ्याला तिच्यात नक्कल दिसते. शिवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट आहे : माल करण्याचे कसब इथे होते, पण त्यावर स्वतःचे नाव घालून तो विकण्याची सोय नव्हती. नाव दुसऱ्याचे असले तरच गिऱ्हाईक पैसे मोजत होते.

लोगो नेमका कुठे लावला म्हणजे काम करतो, हे जीन्सच्या धंद्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या लिव्हायसने १९३६ मध्ये मागच्या उजव्या खिशाच्या शिवणीत लहानशी लाल पट्टी घातली ती एवढ्यासाठी की पाठमोऱ्या माणसाची पँट कोणाची, हे दुरूनही ओळखू यावे. पट्टी बोटाच्या पेराएवढी. पण जागा अशी की चुकत नाही. खिशावरची कमानदार दुहेरी शिलाई त्याच्याही आधीपासूनची. महायुद्धात दोऱ्याची टंचाई झाली तेव्हा ती शिलाई करता येईना म्हणून खिशावर रंगाने काढली गेली. खूण सोडायची नाही, हा त्यामागचा हिशेब.

अंबरनाथमध्ये उलट्या बाजूचे उदाहरण आहे. स्वीडिश मॅच या परदेशी कंपनीने स्थापन केलेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विम्कोचा, आगपेट्यांचा कारखाना इथे होता. आगपेटी ही अत्यंत स्वस्त वस्तू, पण तिच्यावर चित्र आणि नाव छापलेले असतेच. विम्कोची ‘शिप’ पेटी तिच्यावरच्या जहाजामुळे निरक्षर गिऱ्हाइकालाही मागता येत असे. काही पैशांच्या पेटीला नाव होते, आणि त्याच गावात तयार होणारे लाखो रुपयांचे रासायनिक मध्यवर्ती पदार्थ शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत बिननावाने पोचतात. वस्तू कोणाच्या हातात पडणार, यावर हे ठरते. किंमत कमी की जास्त, याचा त्याच्याशी संबंध नसतो.

डिझायनर : साहेब, तुमचं नाव कुठेच नाही, म्हणूनच तर ते चित्रात अडकवून ठेवायला नको. आत्ता तुमचं सगळं नाव लोगोच्या चित्रात आहे. गूगल चित्रातली अक्षरं वाचेल याची खात्री धरू नका. खाली साध्या अक्षरांत कुठेही नाव नाही, पत्ता नाही. आकार दुप्पट केला तरी शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही.

कारखानदार : मग दोन्ही करा.

डिझायनर : दोन्ही करू. पण वर पान अडवून बसलेलं चित्र काढायला लागेल. मोबाइलवर पहिल्या पडद्यात फक्त लोगो आणि हे सरकणारे फोटो येतात. काय बनवता ते कळायला तीनदा बोट फिरवावं लागतं.

डिझायनरचे हे म्हणणे तांत्रिक असले तरी त्यात तथ्य आहे. लोगोच्या चित्रामागे त्याचे वर्णन मजकुरात लिहून ठेवायचे असते; अंध व्यक्तीचे स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवते, आणि नेट संथ असल्यामुळे चित्र उतरले नाही तर पडद्यावर निदान ते शब्द दिसतात. बहुतेक छोट्या वेबसाइटवर तिथे नुसते ‘लोगो’ असे लिहिलेले आढळते, म्हणजे ऐकणाऱ्याला कंपनीचे नाव कळतच नाही. वेब सुलभतेच्या जागतिक निकषांत अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात किमान साडेचारास एक इतका फरक मागितला आहे, पण लोगोतल्या अक्षरांना त्यातून सूट दिली आहे. म्हणून फिकट पिवळ्या रंगातला लोगो नियमात बसतो आणि तरीही उन्हात फोन धरलेल्या माणसाला दिसत नाही.

देवनागरी लोगोची अडचण निराळी. रोमन अक्षरांचा लोगो बारीक पट्टीत बसतो. देवनागरीत वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे तेवढ्याच उंचीत अक्षराच्या मुख्य अंगाला जागा कमी उरते. ‘श्री’ किंवा ‘र्क्स’ असलेले नाव मोबाइलच्या वरच्या पट्टीत आले की काळा ठिपका होतो. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे फेविकॉन तर मूळचे १६ बाय १६ पिक्सेलचे. इंटरनेट एक्सप्लोररने १९९९ मध्ये ते आणले. त्यात पूर्ण नाव मावणे शक्य नाही. एक अक्षर किंवा एक आकार निवडून वेगळी खूण करावी लागते, आणि कारखानदाराला ती आपल्या नावाची काटछाट वाटते.

डावीकडे की उजवीकडे, हा प्रश्न उल्हासनगरात थोडा वेगळा वळतो. सिंधी भाषा भारतात अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही. अरबी वळणाची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. उर्दू किंवा अरबी वेबसाइटवर सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटते आणि लोगो उजव्या कोपऱ्यात जातो. उल्हासनगरातल्या जुन्या पिढीला लिहिण्यावाचण्याची ती दिशा सरावाची आहे. कोणी त्या लिपीत पान केलेच तर लोगो डावीकडे ठेवणे ही चूक ठरेल. असे पान करणारा कारखाना विरळा, तरी डावा कोपरा हा निसर्गनियम नाही हे यावरून दिसते. तो लिपीच्या दिशेचा परिणाम आहे.

कारखानदार : बरं, आमचा लोगो लहान ठेवा. पण खाली आयएसओचा, मेक इन इंडियाचा, आणि आम्ही ज्यांना माल देतो त्या मोठ्या कंपन्यांचे लोगो ओळीनं लावा. बाजूच्या प्लॉटवाल्यानं लावलेत.

डिझायनर : यातले किती लावायची परवानगी आहे तुम्हाला?

कारखानदार : आयएसओ तर आहे आमच्याकडे. सर्टिफिकेट केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय.

डिझायनर : सर्टिफिकेट आहे. लोगो नाही.

आपल्या लोगोसाठी भांडण होते आणि दुसऱ्यांचे लोगो मात्र बिनविचारता लागतात, असे अनेकदा घडते. धोका या दुसऱ्या भागात आहे. आयएसओ ही जिनिव्हातील संस्था मानके लिहिते. ती स्वतः कोणाला प्रमाणपत्र देत नाही आणि प्रमाणित कारखान्यांना आपला लोगो वापरू देत नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी असते, आणि लावायचेच तर तिचे चिन्ह तिच्या अटींनुसार लावता येते. ‘आयएसओ प्रमाणित’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित’ असे पूर्ण लिहावे, असे आयएसओच सांगते. शिवाय ते प्रमाणपत्र कारखान्याच्या व्यवस्थापन पद्धतीचे आहे. मालाच्या फोटोवर त्याचे चिन्ह डकवले की माल प्रमाणित असल्याचा भास होतो. आयएसआयचे चिन्ह याच्या उलट, ते मालाचेच असते. भारतीय मानक ब्युरोचा परवाना असल्याशिवाय ते वापरता येत नाही, आणि त्याच्यावर मानकाचा क्रमांक व खाली परवान्याचा क्रमांक असतो. हे दोन क्रमांक नसलेले आयएसआय चिन्ह जाणकार खरेदीदाराला लगेच खटकते. २५ सप्टेंबर २०१४ रोजी आलेला ‘मेक इन इंडिया’चा सिंहही सरकारच्या मालकीचा आहे आणि तो वापरायला परवानगी लागते.

गिऱ्हाईक कंपन्यांच्या लोगोंचे प्रकरण अधिक नाजूक. ते त्यांचे ट्रेडमार्क असतात. एकदा चार पिंपे नेणाऱ्या कंपनीचा लोगो ‘आमचे ग्राहक’ या मथळ्याखाली लावला की तिने आपली शिफारस केली असे वाचणारा समजतो. औषध उद्योगात तर पुरवठादाराशी होणाऱ्या करारात गुप्ततेचे कलम सर्रास असते. अशा वेळी वेबसाइटवरचा लोगो हा करारभंगाचा जाहीर पुरावा होतो. डिझायनर सुचवतो तो मार्ग साधा आहे : लेखी परवानगी असेल तिथे लोगो, नसेल तिथे ‘रंग, औषधे आणि छपाईची शाई या उद्योगांना पुरवठा’ असे शब्द. कारखानदाराला हे फिके वाटते, पण खरेदी अधिकाऱ्याला लोगोंच्या ओळीपेक्षा उत्पादनांची यादी, प्रत्येक रसायनाची ओळख पटवणारा कॅस क्रमांक आणि महिन्याची क्षमता यांचा उपयोग जास्त होतो. ही माहिती असलेले पान बहुतेक वेबसाइटवर तिसऱ्या-चौथ्या पातळीवर दडलेले असते.

आणखी एक चित्र या भागात हौसेने लावले जाते ते छत्रपती शिवाजी महाराजांचे. त्यामागचा आदर खरा असतो. पण १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचे नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याच्या कामी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला कायदा सूट देतो, तीही फक्त बनवणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव असेल आणि तिने मालाची जाहिरात होत नसेल तर.

बदलापुरात या वादाचा एक तुकडा सरकारनेच सोडवून टाकला आहे. तिथल्या वेबसाइटांत इमारतींच्या जाहिराती फार, आणि बिल्डरचा लोगो व इमारतीचे नाव यांनी पान भरलेले. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, प्रकल्पाच्या प्रत्येक जाहिरातीत, वेबसाइटसुद्धा त्यात आली, क्यूआर कोड सक्तीचा केला. तरी तो कोपऱ्यात बारीक करून टाकला जाऊ लागला, तेव्हा एप्रिल २०२५ च्या आदेशाने जागाही ठरवून दिली : नोंदणी क्रमांक, महारेराच्या वेबसाइटचा पत्ता आणि क्यूआर कोड जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात, आणि अक्षरे संपर्काच्या तपशिलाच्या अक्षरांएवढी किंवा त्यांहून मोठी. डावा कोपरा बिल्डरच्या नावाचा, उजवा त्याच्या नोंदणीचा. कारखान्यांसाठी असा आदेश नाही, पण मांडणी उसनी घ्यायला हरकत नाही. उजव्या वरच्या भागात जीएसटी क्रमांक आणि एमआयडीसीतल्या प्लॉटचा पत्ता दिला तर खरेदीदाराचे पहिले दोन प्रश्न तिथेच सुटतात.

कारखानदार : आणि लोगोशेजारी तो गोलातला आर लावा. भारी दिसतो.

डिझायनर : नोंदणी झाली आहे का?

कारखानदार : अर्ज केलाय.

डिझायनर : मग टीएम लावू. आर नोंदणीनंतर.

१९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदणी नसताना नोंदणी असल्याचे दाखवणे हा दंडनीय प्रकार आहे. नोंदणी वर्गवार होते : रसायने पहिल्या वर्गात, फर्निचर विसाव्या, कपडे पंचविसाव्या, आगपेट्या चौतिसाव्या. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण होते. नुसत्या शब्दाची नोंदणी केली तर तो शब्द कोणत्याही वळणात लिहिला तरी संरक्षण राहते. चित्रासकट केली तर चित्र बदलताच प्रश्न उभा राहतो. दर काही वर्षांनी लोगो नव्याने करणाऱ्या कारखान्याने आधी शब्द नोंदवणे शहाणपणाचे. जॉबवर्क करणाऱ्याच्या नावाच्या प्रश्नाला लोगोच्या आकारापेक्षा इथे जास्त उत्तर मिळते, कारण नोंदलेले नाव उद्या त्याच्या स्वतःच्या मालावरही जाऊ शकते.

लोगोच्याही वर पडद्यावर एक जागा आहे : ब्राउझरची पत्त्याची पट्टी. कारखान्याच्या नावाचे डोमेन तिथे दिसते, आणि त्याच डोमेनवरचा ईमेल कोटेशनवर असला तर लोगोची पुष्टी होते. मोफत ईमेलचा पत्ता असला तर तेवढीच शंका वाढते. डोमेन मालकाच्या किंवा कंपनीच्या नावावर नोंदलेले असावे, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्याच ईमेलवर याव्यात. अनेकदा ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात राहते आणि तो माणूस बदलला की सापडत नाही. आपल्या नावाचे .इन डोमेन दुसऱ्याने बळकावले तर निक्सी या संस्थेच्या आयएनडीआरपी धोरणाखाली लवादापुढे तक्रार नेता येते, आणि तिथे नोंदलेला ट्रेडमार्क हा तक्रारदाराचा भक्कम पुरावा ठरतो.